मीनाकाम शेवटी पाहावे : चांदीच्या जुन्या डान्स कार्ड पेंडंटची पारख

निळ्या किंवा गुलाबी मिन्याचे झाकण, वर बारीक कडी, कडीत ओवलेली साखळी आणि कडेच्या नळीत सरकवलेली आगकाडीएवढी पेन्सिल. एकोणिसाव्या शतकात युरोपातील नृत्यसमारंभांना जाणाऱ्या स्त्रिया नाचाच्या जोडीदारांची नावे टिपण्यासाठी जे डान्स कार्ड जवळ बाळगत, ते जुन्या वस्तूंच्या बाजारात आज बहुधा अशा रूपात समोर येते. नवा संग्राहक साहजिकच झाकणाच्या रंगाकडे ओढला जातो आणि फसगत नेमकी तिथेच होते. ही वस्तू शोभेसाठी घडवली असली तरी ती वापरायची होती. तिच्यात लिहिले जाई, पुसले जाई, ती नाचताना अंगावर झुलत असे. म्हणून कडी, पेन्सिल, बिजागरी आणि पाने आधी तपासावीत, चांदीची शुद्धता आणि मूळ सांगणारे छाप नंतर वाचावेत आणि मीनाकाम सर्वांत शेवटी पाहावे, हा क्रम मी स्वतः पाळतो आणि पुढचे सर्व मार्गदर्शन त्याच क्रमाने केले आहे.

पहिली पायरी : वस्तू कशासाठी होती ते समजून घ्यावे

समारंभात कोणते नृत्य कोणत्या क्रमाने होणार हे आधीच ठरलेले असे. क्वाड्रिल, वॉल्ट्झ, गॅलप, लान्सर्स, आणि १८४४ च्या सुमारास पॅरिस व लंडन गाजवणारी पोल्का, अशा नृत्यांची यादी आणि प्रत्येकासमोर एक रिकामी ओळ, एवढाच त्या कार्डाचा मजकूर. एखाद्या पुरुषाने नृत्यासाठी विनंती केली आणि स्त्रीने ती मान्य केली, की त्या ओळीवर त्याचे नाव लिहिले जाई. दिलेला शब्द विसरणे हा मोठा अविवेक मानला जात असल्यामुळे ही नोंद ठेवणे निकडीचे होते. एकाच जोडीदारासोबत फार वेळा नाचणे शिष्टाचाराला धरून नसे, आणि एका पुरुषाला नकार देऊन तेच नृत्य दुसऱ्याबरोबर करणे तर अपमानास्पदच ठरे. कार्डावरच्या नावांचा क्रम वाचताना ही पार्श्वभूमी मनात असली, तर त्या चार इंच कागदावर एका संध्याकाळचा सगळा सामाजिक व्यवहार उमटलेला दिसतो.

बहुतेक ठिकाणी यजमान छापील कागदी कार्डे वाटत आणि ती रेशमी दोऱ्याने मनगटाला अडकवली जात. व्हिएन्नामध्ये स्त्रियांना दिल्या जाणाऱ्या अशा भेटीला ‘डामेनश्पेंडे’ म्हणत आणि ती कागदाच्या पलीकडे जाऊन पंखा, छोटी पेटी, वाद्य अशा नाना आकारांत घडवली जाई. चांदीचे मिनेदार कार्ड मात्र स्त्रीच्या स्वतःच्या मालकीचे असे आणि पुन्हा पुन्हा वापरले जाई. फ्रेंच भाषेत त्याला ‘कार्ने द बाल’ म्हणतात आणि लिलावांच्या सूचीत बहुधा हेच नाव सापडते.

आपण आज त्याला पेंडंट म्हणत असलो तरी ते मूलतः गळ्यात घालण्यासाठी नव्हते. ते एक तर बोटात घालायच्या अंगठीला लहान साखळीने जोडलेले असे, किंवा कमरेच्या आकड्याला लटकवलेले असे. त्या कमरेच्या आकड्याला ‘शातेलेन’ म्हणतात. आपल्याकडे घरच्या कर्त्या बाईच्या कमरेला खोचलेला चांदीचा चाव्यांचा छल्ला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना शातेलेनची कल्पना लगेच येईल, कारण दोन्हींमागचा विचार एकच आहे : हात मोकळे राहावेत आणि हवी ती वस्तू कमरेशी सापडावी.

दुसरी पायरी : जवळच्या नातेवाइकांपासून ते वेगळे ओळखावे

डान्स कार्ड म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक वस्तू डान्स कार्ड नसतात. मी घेतलेली पहिली वस्तू अशीच होती. झाकणावर सुंदर आकाशी मिना होता, आत सहा पाने होती आणि विक्रेत्याने ते नृत्यासाठीच असल्याचे ठामपणे सांगितले होते. घरी आल्यावर भिंगातून पाहिले, तेव्हा प्रत्येक पानाच्या माथ्यावर सोमवारपासून शनिवारपर्यंतची फ्रेंच नावे बारीक अक्षरांत कोरलेली दिसली. ती रोजच्या कामांची टिपणवही होती. वाराची नावे असलेली वही नृत्याला नेलीच जात नसे असे कोणी सांगू शकत नाही, परंतु ती डान्स कार्डाच्या किमतीला घेऊ नये.

दुसरा गोंधळ अठराव्या शतकातील फ्रेंच ‘सुव्हनीर’ डब्यांचा असतो. त्या उभट डब्यांवर मैत्रीची आठवण सांगणारे शब्द सोन्याच्या अक्षरांत असतात आणि आत लिहिण्याच्या पट्ट्या असतात. हे डबे डान्स कार्डाचे पूर्वज म्हणता येतील. पण त्यांचा वर्ग, काळ आणि किंमत सर्वच वेगळे. तिसरा आणि आज सर्वाधिक आढळणारा गोंधळ १९२० च्या दशकातील पावडरच्या डब्यांचा आहे. अंगठी, साखळी आणि मिनेदार झाकण हे सगळे त्यांच्यातही असते, परंतु उघडल्यावर आरसा आणि पावडरीचा कप्पा दिसतो. पहिल्या महायुद्धानंतर कार्डावर जोडीदारांची नावे लिहिण्याची रीत युरोपात ओसरली आणि त्याच आकाराच्या वस्तूत सौंदर्यप्रसाधने आली, म्हणून हे साम्य दिसते. ज्यात लिहिण्याची पाने आणि पेन्सिलीची जागा नाही, ते डान्स कार्ड नव्हे, एवढी एक कसोटी सुरुवातीला पुरेशी आहे.

तिसरी पायरी : कडी, पेन्सिल आणि बिजागरी

वस्तू हातात घेतल्यावर ती उघडण्याआधी साखळीला धरून लटकवावी. मूळ कडी असेल तर वस्तू सरळ उभी लटकते, कारण कारागिराने तोल साधूनच कडी बसवलेली असते. पुढे कुणीतरी गळ्यात घालण्यासाठी नवी कडी जोडली असेल तर वस्तू तिरकी होते, आणि त्या जोडाभोवती सोनाराने दिलेल्या डागाची राखाडी, किंचित खडबडीत कड भिंगातून दिसते. असा डाग देताना मिन्याला लागणारी धग फार घातक असते. म्हणून कडीजवळच्या मिन्यात केसाएवढ्या चिरा आहेत का ते त्याच वेळी पाहावे. कडीच्या आतल्या बाजूची झीजही बोलकी असते. वर्षानुवर्षे साखळी घासल्याने कडीचा वरचा भाग पातळ होतो. शंभर वर्षांची म्हणून विकली जाणारी कडी आतून पूर्ण गोल आणि टोकदार कडांची असेल तर तिचे वय तितके नाही, किंवा ती बदललेली आहे.

पेन्सिलीवर मी सर्वाधिक वेळ घालवतो. बऱ्याच कार्डांमध्ये पेन्सिल केवळ लिहिण्यासाठी नसते, तीच कडीकोयंड्याचे काम करते. दोन्ही झाकणांच्या कडेला लहान नळ्या असतात, झाकण मिटले की त्या एका रेषेत येतात आणि पेन्सिल त्यांतून सरकवली की वही बंद राहते. मूळ पेन्सिल असेल तर ती या नळ्यांतून थोडेसे घर्षण देत जाते, ढिली पडत नाही आणि तिच्या माथ्यावरची नक्षी किंवा मिना झाकणाशी जुळतो. हरवलेल्या पेन्सिलीच्या जागी नंतर दुसरी घातलेली असणे फार सामान्य आहे, आणि त्यात अप्रामाणिक असे काही नाही, फक्त विक्रेत्याने तसे सांगितले पाहिजे. लंडनच्या सॅम्पसन मॉर्डनने १८२२ मध्ये जॉन आयझॅक हॉकिन्ससोबत पुढे सरकणाऱ्या शिशाच्या यांत्रिक पेन्सिलीचे पेटंट घेतले, आणि पुढे त्याच्या नावाच्या छोट्या चांदीच्या पेन्सिली खूप पसरल्या. मॉर्डनचे नाव पेन्सिलीवर असले म्हणून संपूर्ण कार्ड त्याच पेढीचे ठरत नाही. पेन्सिल आणि वही यांवरचे छाप स्वतंत्रपणे वाचावेत.

बिजागरी हळू उघडावी आणि मधेच थांबवावी. चांगली बिजागरी जिथे थांबवली तिथे थांबते. ती एकदम पडत असेल तर तिचा आतला खिळा झिजला आहे, आणि असे झाकण पुढे मागे आपटून मिन्याचा टवका उडवणार हे नक्की समजावे.

चौथी पायरी : पाने, आणि त्यांच्याशी जोडलेला कायदा

आतील पाने तीन प्रकारची आढळतात : कागदाची, सेल्युलॉइडची आणि हस्तिदंताची. बऱ्याच कार्डांत ती एका टोकाला खिळ्याने जोडलेली असून पंख्यासारखी उलगडतात. हस्तिदंतावर पेन्सिलीने लिहिलेले ओलसर बोटाने पुसता येई. म्हणून एकच कार्ड अनेक समारंभांना चाले.

हस्तिदंत ओळखण्यासाठी पान उजेडासमोर धरून भिंगातून पाहावे. हस्तिदंतात अनियमित, मंद लाटांसारख्या रेषा असतात आणि आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. हाडाच्या पानात बारीक काळसर ठिपके व तुटक रेघा असतात, कारण हाडातून रक्तवाहिन्यांच्या नलिका गेलेल्या असतात. सेल्युलॉइडमध्ये हस्तिदंताची नक्कल करण्यासाठी ओढलेल्या रेषा इतक्या समांतर आणि समान अंतराच्या असतात, की त्यांचा नीटनेटकेपणाच त्यांना उघडे पाडतो. तापलेली सुई टोचून पाहण्याचा जुना उपाय कुणी सुचवला तर तो मुळीच करू नये. सेल्युलॉइड झटकन पेट घेते आणि खऱ्या पानावर कायमचा डाग राहतो.

भारतात राहणाऱ्या वाचकांनी हा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यात १९८६ व १९९१ मध्ये झालेल्या सुधारणांमुळे आपल्या देशात हस्तिदंताचा व्यापार बंद आहे, आणि त्यात आफ्रिकी हस्तिदंतही येते. वस्तू किती जुनी आहे यावर सूट मिळत नाही. हे लोप पावलेल्या मॅमथ हत्तीचे दंत आहे, ही सबबही चालत नाही, कारण सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये तेही बंदीखाली येते असे स्पष्ट केले आहे. परदेशातील लिलावातून हस्तिदंती पानांचे कार्ड मागवणे म्हणजे स्वतःला गुन्ह्यात गुंतवणे होय. कासवाच्या पाठीच्या झाकणांपासूनही तितकेच दूर राहावे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी संग्राहकांना २०१८ चा हस्तिदंत कायदा लागू आहे. तो ६ जून २०२२ पासून अमलात आला. १९४७ पूर्वीची आणि आकारमानाने दहा टक्क्यांहून कमी हस्तिदंत असलेली वस्तू नोंदणी करून विकता येते, अशी त्यात सवलत आहे. परंतु पाच-सहा जाड पाने असलेले छोटे कार्ड ती मर्यादा सहज ओलांडते, हे ध्यानात ठेवावे. माझा सल्ला असा, की नव्याने सुरुवात करणाऱ्याने कागदी किंवा सेल्युलॉइड पानांचेच कार्ड शोधावे. त्यातही उत्तम मीनाकाम मिळते.

कायद्याचा आणखी एक मुद्दा आहे. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीला ती भारताबाहेर नेता येत नाही. मुंबईच्या चोर बाजारात अशी एखादी वस्तू हाती लागली आणि ती परदेशातील मुलीला भेट द्यायची इच्छा झाली, तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारणा करावी.

पाचवी पायरी : छाप वाचावेत

दहापट मोठे दाखवणारे भिंग येथे अनिवार्य आहे. लहान वस्तूंवरचे छाप एक-दोन मिलिमीटरचे असतात आणि ते कडीवर, झाकणाच्या आतल्या काठावर किंवा पेन्सिलीच्या नळीवर लपलेले असतात.

ब्रिटिश चांदीवर चालता सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचे मस्तक म्हणजे लंडन, आणि त्यासोबत वर्ष सांगणारे अक्षर व कारागिराची आद्याक्षरे. राजा किंवा राणीचे मस्तक ही चांदीवरचा कर भरल्याची खूण असे. ते असेल तर वस्तू बहुधा १८९० किंवा त्यापूर्वीची, कारण तो कर त्या वर्षी रद्द झाला. बर्मिंगहॅमला अशा छोट्या चांदीच्या वस्तूंचे फार मोठे उत्पादन होत असल्यामुळे नांगराचा छाप वारंवार भेटेल. सिंहाऐवजी केवळ ९२५ चा आकडा आणि ब्रिटिश छापनगृहाचे, म्हणजे चांदी तपासून छाप मारणाऱ्या कचेरीचे, वेगळे चिन्ह दिसले, तर ती वस्तू बाहेरून, विशेषतः जर्मनीतील फोर्त्सहाइमसारख्या दागिन्यांच्या शहरातून, विसाव्या शतकात आयात झालेली असण्याची शक्यता मोठी आहे.

फ्रान्समध्ये १८३८ पासून मोठ्या वस्तूंवर मिनर्व्हा देवीचे मस्तक आहे. डान्स कार्डासारख्या लहान वस्तूंवर मात्र बहुधा पॅरिसचे रानडुकराचे मस्तक किंवा प्रांतांतला खेकडा आढळतो आणि त्यांचा अर्थ किमान ८०० भाग चांदी असा होतो. फ्रेंच कारागिराची खूण चौकट तिरपी करून केलेल्या समभुज आकारात असते. ऑस्ट्रिया-हंगेरीत १८६७ ते १९२२ या काळात डायना देवीचे मस्तक, जर्मनीत १८८८ पासून चंद्रकोर व मुकुट. रशियन वस्तूवर ८४ हा आकडा असतो. तो ९६ भागांपैकी ८४ भाग चांदी, म्हणजे हजारात ८७५, असे सांगतो. याच आकड्यासोबत फाबेर्जे या प्रख्यात रशियन जवाहिराचे नाव कोरलेली खोटी मिनेदार कामे जगभर इतकी फिरतात, की नवख्याने त्या नावाची वस्तू तज्ज्ञाच्या लेखी अभिप्रायाशिवाय घेऊच नये.

छाप मिन्याखाली बुडालेला किंवा मिन्याने अर्धवट झाकलेला असेल तर त्याचा विचार करावा. तयार चांदीच्या साध्या डब्यावर नंतर रंग चढवून भाव वाढवला असण्याचा तो संकेत असू शकतो.

सहावी पायरी : आता मीनाकाम

मिना म्हणजे काच. काचेची बारीक पूड धातूवर पसरून ती सुमारे ७५० ते ८५० अंश सेल्सियसच्या भट्टीत वितळवली जाते, आणि रंग धातूंच्या भस्मांतून येतो : कोबाल्टपासून निळा, तांब्यापासून हिरवा, सोन्यापासून गुलाबी-लाल, तर कथिलाच्या भस्माने अपारदर्शक पांढरा. जयपूरचे मीनाकाम पाहिलेल्यांना ही प्रक्रिया परकी वाटणार नाही. युरोपीय डान्स कार्डांवर मात्र १९०० च्या आसपास विशेष लोकप्रिय झालेला प्रकार ‘गियोशे’ हा होता. आधी यंत्राने चांदीवर लाटा, किरण किंवा पाण्यातल्या वर्तुळांसारख्या अतिशय नियमित रेषा कोरायच्या आणि त्यावर पारदर्शक मिन्याचे थर एकामागून एक भाजायचे. झाकण हळूहळू फिरवले की खालच्या रेषांवरून प्रकाश सरकतो आणि रंग हलल्यासारखा वाटतो. या कामाचे खरे सौंदर्य त्या हालचालीत असल्यामुळे छायाचित्रावरून ते कधीच पारखता येत नाही. परदेशी विक्रेत्याकडून घेताना झाकण फिरवतानाचे छोटे चलचित्र अवश्य मागावे.

दोष शोधण्यासाठी वस्तू डोळ्यांच्या पातळीवर आणून खिडकीच्या तिरप्या उजेडात धरावी. टवका उडालेली जागा खोलगट दिसते. थंड रंगाने किंवा राळेने भरलेली जागा आसपासच्या काचेहून मऊ चमकते, तिची कड थोडी उंच किंवा बसकी असते, आणि पारदर्शकता नसल्याने खालच्या कोरीव रेषा तिथे अचानक दिसेनाशा होतात. अतिनील प्रकाशाच्या छोट्या विजेरीखाली अशी भर बहुधा वेगळ्या तेजाने उजळते. कोपरे, कडीभोवतीची जागा आणि बिजागरीलगतचा काठ या तीन जागा सर्वांत आधी फुटतात. तेथे एखादा सूक्ष्म टवका असणे शंभर वर्षांच्या वस्तूला शोभते, आणि तो उघडपणे सांगितलेला असेल तर तशी वस्तू घ्यायला हरकत नाही. लपवलेल्या दुरुस्तीपेक्षा प्रामाणिक टवका मला नेहमी पसंत पडतो.

सर्वच काळे नक्षीकाम मिना नसते. चांदी, तांबे, शिसे आणि गंधक यांचे काळे मिश्रण खोदलेल्या रेषांत भरण्याच्या कामाला ‘नायेलो’ म्हणतात. त्याला काचेची चकाकी नसते. ते रशियात फार उत्तम होत असे. ते कमी दर्जाचे नाही, पण मिना म्हणून त्याची किंमत देऊ नये.

सातवी पायरी : घरी आणल्यानंतर

चांदी उजळण्यासाठी आपल्या घरांत रांगोळी, चिंच, लिंबू किंवा टूथपेस्ट वापरतात. मिनेदार कार्डाला यांपैकी काहीही लावू नये. आम्लाने काच निस्तेज होते आणि रांगोळीच्या कणांनी तिच्यावर ओरखडे उठतात. वस्तू पाण्यात बुडवणेही टाळावे, कारण पाणी चिरांमधून मिन्याखाली शिरते. सराफाकडच्या ध्वनिलहरींनी सफाई करणाऱ्या (अल्ट्रासॉनिक) यंत्रात तर ती कधीच देऊ नये. एका मिनिटात सैल झालेला मिना सुटून येतो. मऊ सुती कापडाने उघड्या चांदीवरून हलका हात फिरवणे पुरेसे असते, आणि मिन्याच्या काठाशी राहिलेला थोडा काळेपणा तसाच ठेवलेला बरा, कारण त्यामुळे नक्षी उठून दिसते.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत, चांदी लवकर काळवंडते आणि कागदी पानांना कसर लागते. आम्लरहित कागदात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुडीसह, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. रबरबँड, लोकरीचे कापड आणि वर्तमानपत्र डब्यात नकोत, कारण त्यांतून चांदीला खाणारा गंधकाचा अंश येतो. सेल्युलॉइडची पाने असलेले कार्ड इतर वस्तूंपासून वेगळे आणि हवा खेळती राहील असे ठेवावे. ती जुनी झाली की त्यांतून निघणाऱ्या आम्ल वाफा शेजारच्या धातूलाही खातात.

गळ्यात घालायचे असेल तर अवश्य घालावे, मात्र मूळ साखळीवर भार देऊ नये. वेगळी लांब साखळी मूळ कडीत हलकेच ओवावी, अत्तर आधी लावून वाळू द्यावे आणि जरीचा काठ किंवा दुसरे पेंडंट मिन्यावर घासणार नाही असे पाहावे.

आता पानांवरचे लिखाण. पानांवर पेन्सिलीची पुसट नावे राहिली असतील तर वस्तू स्वच्छ करण्याच्या उत्साहात ती पुसली जाण्याचा धोका मोठा असतो, आणि गेलेली नावे पुन्हा मिळत नाहीत. मिना आणि चांदी आणखी शंभर कार्डांवर पाहायला मिळेल. ती विशिष्ट नावे, तो विशिष्ट क्रम, एखाद्या वॉल्ट्झसमोरची एकट्या आद्याक्षराची नोंद दुसरीकडे कुठेच नसते. म्हणून पानांना कापड लावण्यापूर्वी खोलीत अंधार करावा, विजेरी पानाच्या जवळजवळ समांतर धरावी आणि सावलीत उठणारे पेन्सिलीचे दाब वाचावेत. वरवर कोऱ्या वाटणाऱ्या पानावरही अशा उजेडात एखादे नाव दिसते. प्रत्येक पानाची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, वाचता आलेली नावे आणि नृत्यांचा क्रम वहीत उतरवून ठेवावा, आणि मगच पेन्सिल नळीत सरकवून वही मिटावी.